केटल हॅट घेताना गेज नंतर बघा, आधी डोक्याचं माप घ्या

मूळ रत्नागिरीचे, सध्या लीड्सला शिकणारे एक वाचक तिथल्या एका रीएनॅक्टमेंट गटात, म्हणजे जुन्या लढाया त्या काळच्या वेशात मैदानावर उभ्या करणाऱ्या हौशी मंडळात, दाखल झाले आहेत. हा गट इंग्लंडच्या ‘गुलाबांच्या युद्धां’चा, म्हणजे १४५५ ते १४८७ चा काळ उभा करतो. त्यात ते पायदळात बिल (लांब दांड्याचं कोयत्यासारखं हत्यार) घेऊन उभे राहणार आहेत. शिरस्त्राण म्हणून त्यांनी दोन केटल हॅट, म्हणजे रुंद कडेचे पोलादी टोप, निवडून फोटो पाठवलेत. पहिला १४ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, तो जितका लहान तितका पत्रा जाड), गोल माथ्याचा, एकसंध, आत चामड्याच्या पट्ट्यांची जाळी. दुसरा १६ गेजचा, दोन अर्धे भाग जोडून हाताने ठोकलेला, मध्ये पुढून मागे जाणारा कणा, आत अस्तर नाही, नुसती रिवेटची ओळ. किंमत पहिल्याच्या जवळजवळ दीडपट. त्यांचं म्हणणं असं: “जाड पत्रा जास्त सुरक्षित, मग पहिलाच घेतो. तसाच एक बाबांना रत्नागिरीला शोभेसाठी पाठवायचाय. तिकडच्या हवेत टिकेल का?”

तुमच्यासाठी दुसरा घ्या. बाबांसाठी पहिला चालेल. मैदानात डोक्यावर घालायला मात्र पहिला घेऊ नका. आत्ता पैसे जमत नसतील तर हा हंगाम गटाकडचा उसना टोप घालून काढा.

मी चिंचवडच्या एका प्रेस शॉपमध्ये टूल-अँड-डायचं काम शिकलो. गेली सोळा वर्षं यॉर्कशायरमध्ये आहे आणि त्यातली तेरा वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात मैदानात उतरतोय. पत्र्याचं काम आणि डोक्यावर बसलेला मार, दोन्ही जवळून पाहिलंय.

सुरुवात डोक्यापासून करू. आपलं डोकं गोल नसतं. घरातली शिवणाची टेप भुवयांच्या जरा वर आणि मागे कवटीच्या सर्वात फुगीर भागावरून फिरवा. समजा ५७ सेंटीमीटर आलं. म्हणजे तुमचं डोकं पुढून मागे साधारण २० सेंटीमीटर आणि कानाकडून कानाकडे १६ सेंटीमीटर आहे. भोवती दीड सेंटीमीटर जाडीचं अस्तर हवं. म्हणजे टोपाला आतून २३ बाय १९ सेंटीमीटरची लंबगोल जागा पाहिजे आणि आतला घेर ६६ सेंटीमीटरच्या आसपास. ‘माझं डोकं ५७, म्हणून ५८ चा टोप’ असा हिशेब करून मागवलेले टोप मी दरवर्षी नवीन पोरांकडे बघतो. ते नुसत्या केसांवर बसतात आणि अस्तराला जागाच उरत नाही.

आता तुमचा पहिला फोटो बघा. माथा कटोऱ्यासारखा एकसारखा गोल, आणि जवळून पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक समकेंद्री रेघा. हा लेथवर फिरवून दाबलेला टोप आहे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पातेली काढतात ती हीच स्पिनिंगची पद्धत. फिरणाऱ्या साच्यावर दाबलेली वस्तू गोलच निघणार. ६६ सेंटीमीटर घेराचं वर्तुळ म्हणजे २१ सेंटीमीटर व्यास. तुम्हाला पुढून मागे २३ पाहिजेत, तिथे दोन सेंटीमीटर कमी पडले. बाजूंना १९ पाहिजेत, तिथे दोन जास्त झाले. कपाळ आणि मागची कवटी आवळली जाते आणि कानांवर टोप हलत राहतो. मोठा घेतला तर हलणं आणखी वाढतं. कितीही चांगलं अस्तर लावा, वर्तुळाचा लंबगोल होत नाही.

दुसरा टोप ज्याने केला त्याने डोक्याचा आकार डोळ्यासमोर ठेवलाय. पुण्याच्या तांबट आळीत घंघाळ किंवा हंडा घडताना पाहिला असेल तर हे लगेच कळेल. तांबट पत्र्यावर जवळजवळ ठोके देत फिरतो, त्याने आकार येतो आणि पत्रा ताठही होतो. त्या ओळीने बसलेल्या ठोक्यांनीच भांड्याला ताकद येते. लोखंडाचं कामही याच जातीचं. अर्धा टोप खोलगट ठोकळ्यात ठोकून खोल करायचा, मग गोल डोक्याच्या ऐरणीवर घेऊन बाहेरून सपाट करायचा, दोन्ही अर्धे वेल्डिंगने जोडायचे आणि जोड घासून कण्यात मिसळून टाकायचा. पंधराव्या शतकातले चांगले कारागीर वेल्डिंगशिवाय एकाच तुकड्यातून पूर्ण माथा उठवायचे. आजच्या किमतीत ते परवडत नाही, आणि जोड नीट असेल तर आपल्या कामाला तो चालतो. मध्ये आलेला कणा नुसता दिसायला नाही. वरून आलेला वार त्यावरून डावीकडे किंवा उजवीकडे घसरतो, आणि पत्र्यालाही आधार मिळतो.

जाडीबद्दल तुमचा गैरसमज मलाही होता. ‘१४ गेज’ हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो. पण गेज म्हणजे मिलिमीटर नव्हे, आणि सगळीकडे त्याचा अर्थ एक नाही. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये चालतं ते ब्रिटिश मानक: १४ गेज म्हणजे २.०३ मिमी, १६ म्हणजे १.६३, १८ म्हणजे १.२२. अमेरिकन मानकात स्टीलच्या पत्र्याचं १४ गेज १.९० आणि १६ गेज १.५२ मिमी भरतं. त्यामुळे विक्रेत्याला नेहमी मिलिमीटरमध्ये विचारा. शिवाय हे आकडे मूळ पत्र्याचे, टोप झाल्यावरचे नाहीत. स्पिनिंगमध्ये माथा संपून बाजू खाली वळते तिथे पत्रा ताणला जातो. १४ गेज म्हणून विकलेला एक टोप मी अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने तपासला होता, त्या वळणावर १.५ मिमी निघाला. खोलगट ठोकळ्यात ठोकलेल्या टोपात उलट माथ्याची टिकली पातळ होते. आणि जोड घासताना ग्राइंडर जास्त चालला तर नेमकी कण्यावरची जागा पातळ होते. म्हणून दुसऱ्या विक्रेत्याकडून आतल्या बाजूचा, उजेडाकडे धरलेला फोटो मागवा. जोडाच्या ओळीवर सुईएवढंही भोक किंवा बशीसारखा खड्डा दिसला तर परत करा.

मापक जवळ नसेल तर तराजू वापरा. मध्यम आकाराच्या केटल हॅटचा माथा, बाजू आणि सहा-सात सेंटीमीटरची कड मिळून सुमारे १,७०० चौरस सेंटीमीटर पत्रा लागतो. स्टीलची घनता ७.८५. म्हणजे १.२ मिमीचा टोप अस्तराशिवाय १.६ किलो, १.६ मिमीचा २.१ किलो आणि २ मिमीचा २.६ ते २.७ किलो भरला पाहिजे. ‘१६ गेज, वजन फक्त दीड किलो’ अशी जाहिरात दिसली की समजा, पत्रा १८ चा आहे.

१.६ मिमी पुरतं का? तुमच्या कामाला पुरतं. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझमच्या लढतींत डोक्यावरचा वार हा खेळाचाच भाग आहे. हत्यार रॅटनचं, म्हणजे वेताचं असतं, पण वार पूर्ण ताकदीने येतो. तिथे टोपाच्या पत्र्याची किमान जाडी १.६ मिमीच ठरवलेली आहे. (चेहऱ्यावर जाळीही सक्तीची आहे, त्यामुळे उघडा केटल हॅट तिथे तसाच चालत नाही.) बोथट पोलादी हत्यारांनी पूर्ण ताकदीने लढणारे बुहुर्तवाले दोन मिमी किंवा त्याहून जाड, नाहीतर कठीण केलेलं पोलाद वापरतात. तो खेळ वेगळा आहे. तुमच्यासारख्या गटांत बहुतेक ठिकाणी मुद्दाम डोक्यावर मारायला मनाई असते. पण बिल म्हणजे लांब दांड्याला लावलेला कोयताच, शेतातल्या अवजारापासूनच ते हत्यार झालं. दाटीवाटीत असे तीस-चाळीस दांडे एकदम खाली येतात तेव्हा एखादा चुकतोच. टोप त्या एका चुकीसाठी आहे.

आणि त्या वेळी तुम्हाला वाचवतं ते मुख्यतः अस्तर. पत्र्याचं काम वार पसरवणं आणि घसरवणं. उरलेला धक्का डोक्यापर्यंत सावकाश पोचवणं हे अस्तराचं काम. दोन मिमीचा टोप कवटीला थेट टेकत असेल तर तो घण आणि कवटी यांच्यामधली ऐरण झाला. जाड टोपाचं जादा अर्धा किलो वजन दिवसभर मानेवर राहतं ते वेगळंच.

पहिल्या टोपातली चामड्याच्या पट्ट्यांची जाळी ही बांधकामावरच्या हेल्मेटची कल्पना. तीही माथ्यावरून पडणाऱ्या वस्तूपुरती. बाजूने वार आला की पट्टी सरकते आणि टोप कानावर आदळतो. पंधराव्या शतकातली रीत अशी होती: टोपाच्या आत रिवेटच्या ओळीने चामड्याची किंवा जाड कापडाची पट्टी बसवायची आणि तिला भरलेलं, शिवलेलं अस्तर टाचायचं. दुसऱ्या टोपात जी मोकळी रिवेटची ओळ दिसतेय ती यासाठीच आहे. विक्रेत्याने काम अर्धवट सोडलेलं नाही, अस्तर डोक्याच्या मापानेच व्हायला हवं म्हणून त्याने जागा ठेवलीय.

ते अस्तर तुम्ही घरी शिवू शकता. आजीची गोधडी शिवताना पाहिली असेल तर अर्धं काम येतंच. न रंगवलेलं जाड लिनन घ्या. टोपाच्या आतल्या घेराएवढी पट्टी कापा, उंची साधारण अठरा सेंटीमीटर. वरच्या निम्म्या भागाला सहा पाकळ्या कापा, कमळाच्या उलट्या कळीसारख्या. दोन थरांच्या मध्ये भरण घालून गोधडीसारखे उभे टाके घाला. टाक्यांतलं अंतर दोन बोटं, म्हणजे भरण एका जागी गोळा होत नाही. भरायला लोकर घ्या, धुतलेली कच्ची लोकर किंवा लोकरीच्या फेल्टचे थर. इकडच्या जुन्या पद्धतीत जवसाच्या खोडाचा उरलेला धागाही भरत. पिंजलेला कापूस मी एकदा वापरला होता. पहिल्या दिवशी गादीसारखा मऊ लागला. आठवड्याच्या घामानंतर त्याच्या गाठी झाल्या, आणि दोन गाठींच्या मध्ये नुसतं कापड उरलं होतं.

प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक काजं करा, सहाही काजांतून एकच दोरी ओवा आणि गाठ मारा. ही दोरी सगळ्या टोपाचा जीव आहे. ती आवळली की पाकळ्या जवळ येतात आणि टोप डोक्यावर वर चढतो. सैल सोडली की खाली बसतो. माथ्याचा पत्रा आणि टाळू यांच्यामध्ये अडीच-तीन सेंटीमीटर मोकळी जागा राहील इतकी ती आवळायची. कड भुवयांच्या जरा वर आली पाहिजे. तुम्ही चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट हे जमवा. कानांवर चष्म्याच्या काड्या दबतात तिथे अस्तर थोडं पातळ शिवा, नाहीतर दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागेल.

मग येते ती हनुवटीची पट्टी. केटल हॅटच्या रुंद कडेमुळे डोळ्यांवर सावली येते, वरून येणारं काहीही खांद्याकडे वळतं. पण हीच कड तरफेसारखं काम करते. माझा पहिला टोप तुमच्या पहिल्या फोटोतल्यासारखाच होता, आत पट्ट्यांची जाळी, हनुवटीखाली दोन बाजूंना एकेक रिवेट आणि एक साधी पट्टी. दुसऱ्या हंगामात एका बिलाचा दांडा माझ्या कडेवर मागच्या बाजूला खाली आला. वार जोराचा नव्हता. पण कड मागे दबली, टोप त्या दोन रिवेटांभोवती झोपाळ्यासारखा फिरला आणि कानशिलावरून वर गेला. सावरायला मी डोकं खाली घातलं तसा टोप परत आला, आणि पुढची कड नाकाच्या हाडावर बसली. चार टाके पडले. अजूनही थंडीत ती जागा दुखते. त्या दिवशी पत्र्याला चराही पडला नव्हता.

तेव्हापासून मी पट्टी दोन्ही बाजूंना दुशाखी लावतो: एक शाखा कानाच्या पुढे, एक मागे, दोन्ही हनुवटीजवळ एकत्र. चार ठिकाणी धरलेला टोप पुढे-मागे फिरत नाही. पट्टी किमान दोन सेंटीमीटर रुंद, चांगल्या चामड्याची, आणि बकल गालाच्या हाडावर येणार नाही असं. घातल्यावर तपासणी अशी: मान जोरात ‘नाही’ म्हणून हलवा, टोप डोक्याबरोबरच फिरला पाहिजे, मागून येता कामा नये. मग मित्राला पुढची कड तळव्याने खालून वर ढकलायला सांगा. टोप उचलला गेला तर दोरी, अस्तर आणि पट्टी परत बघा. हे जमल्याशिवाय मैदानात जाऊ नका, गटातल्या कोणी कितीही ‘चालतंय’ म्हटलं तरी.

हे मी इतकं कळवळून का सांगतो ते तुम्ही राहता तिथून तासाभराच्या आत कळेल. टॉवटनचं रणांगण लीड्सपासून जवळच आहे. २९ मार्च १४६१ ला, बर्फाच्या वादळात, तिथे या युद्धांतली सर्वात भीषण लढाई झाली. १९९६ मध्ये टॉवटन हॉलजवळ बांधकाम करताना एक सामूहिक थडगं सापडलं, ३७-३८ माणसांचं. त्यातल्या बहुतेकांच्या कवटीवर जखमा होत्या, काहींच्या तर एकावर एक कितीतरी. या लोकांच्या डोक्यावर शेवटच्या क्षणी टोप उरलेला नसावा, असं त्या जखमांवरून अभ्यासक म्हणतात. पळताना फेकला असेल, पट्टी तुटली असेल, कोणी ओढून काढला असेल. मी दरवर्षी मार्चअखेरीला तिथे जातो. ती माणसंही आपल्यासारखीच डोक्याला टोप बांधून उभी होती. त्यांचा काळ उभा करायचा तर निदान टोपाच्या बाबतीत तरी आपण मन लावून काम करावं, असं मला वाटतं.

काळाचा मुद्दा थोडक्यात. तुमच्या काळात इंग्लिश पायदळात सॅलेट जास्त दिसतो. मागे मानेवर शेपटीसारखा उतरणारा टोप, कॉव्हेंट्रीच्या हर्बर्ट संग्रहालयात एक सुंदर अस्सल नमुना आहे. केटल हॅटही त्या काळाला शोभतो, पण एकसंध दिसणाऱ्या माथ्याचा, तुमच्या दुसऱ्यासारखा जोड कण्यात मिसळलेला असला तरी चालेल. दोन पट्ट्या आडव्या-उभ्या ठोकून, वेगळी कड रिवेटने जोडलेले जे टोप दुकानात मिळतात ते दोनेकशे वर्षं आधीचे. आवडले तरी घेऊ नका. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात तेराव्या शतकातलं जे चित्रमय बायबल आहे, त्यातल्या शिपायांच्या डोक्यावर रुंद कडेचे टोप मुबलक दिसतात. कल्पना इतकी पक्की होती की १९१५ मध्ये जॉन ब्रोडीने ब्रिटिश सैन्यासाठी पोलादी हेल्मेट केलं ते जवळजवळ याच आकाराचं. इटलीत लढलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी दुसऱ्या महायुद्धात घातलं ते त्याच घराण्यातलं.

खरेदीआधी लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात एक सकाळ घालवा. प्रवेशाला पैसे नाहीत. टोपांसमोर उभं न राहता खाली वाका आणि आतून बघा: रिवेटची ओळ कुठून जाते, कड कशी दुमडलीय, पृष्ठभाग किती ओबडधोबड सोडलाय. मग परत आपले दोन फोटो बघा.

आता बाबांचा टोप. शेल्फवर ठेवायच्या वस्तूला गोल-लंबगोलाची अडचण नाही, त्यामुळे पहिला चालेल. पण १४ गेजचे जादा पैसे कशाला? त्याच घाटाचा १८ गेजचा मिळाला तर हलका आणि स्वस्त पडेल. इकडच्या दुकानांत मिळणारे असले बरेच टोप डेहराडून किंवा मेरठकडच्या कारखान्यांतून येतात. तेव्हा इथून पाठवण्याआधी तिकडूनच थेट रत्नागिरीला मागवता येतो का ते बघा. ‘अँटिक फिनिश’ म्हणून आम्लाने काळा केलेला घेऊ नका. त्या काळपटपणाखाली गंज आधीच सुरू झालेला असतो. आणि आतल्या बाजूला साल आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द कोरून घ्या. आणखी पन्नास वर्षांनी कोणी तो अस्सल म्हणून विकू नये.

कोकणातली हवा खारी आहे, आणि साधं पोलाद तिथे एका पावसाळ्यात तांबूस होतं. आल्याबरोबर कारखान्याचं चिकट ग्रीस टर्पेंटाइनने पुसून काढा, कोरडा करा, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. रेनेसाँस वॅक्स नावाने मिळतं, मूळ ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं. ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल, महिन्यातून एकदा, फडक्याने अगदी पुसट. खोबरेल तेल लावू नका. ते खवट होतं, धूळ धरतं आणि त्यातली आम्लं पोलादाला खातात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. लाकडी स्टँडवर ठेवा आणि चामड्याची पट्टी पत्र्याला चिकटून राहणार नाही असं बघा, गंज बहुतेक वेळा चामड्याखालीच सुरू होतो. कोणी हातात घेऊन बघितला की बोटांचे ठसे लगेच पुसायचे, एवढं बाबांना सांगून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या टोपाला हेच नियम लागू. शिवाय मैदानावरून ओला आला की त्याच रात्री अस्तर बाहेर उलटं काढून वाळवा. टूक्सबरीच्या मैदानावर एकदा दिवसभर पाऊस लागला, मी टोप तसाच पिशवीत ठेवला आणि चार दिवसांनी उघडला. अस्तराला बुरशी आली होती आणि रिवेटभोवती गंजाची वलयं उमटली होती. ते अस्तर टाकावं लागलं.

टोप हातात आल्यावर पहिल्यांदा आतून बोट फिरवा. प्रत्येक रिवेटचं टोक ठोकून सपाट केलेलं हवं, बोटाला धार लागता कामा नये. लागलीच तर बारीक कानसेने घासा. कडेची दुमड सगळीकडे बंद आहे का बघा. मग दुसरं काही करण्याआधी मला तीन मापं पाठवा: डोक्याचा घेर, पुढून मागे आणि कानाकडून कानाकडे. पाकळ्यांचा कागदी साचा मी काढून देतो.